सणाचा शीण

सण आला म्हणजे घराला आनंद होतो, असें आपण सर्व गृहीत धरून चालतों. मुलांच्या निबंधांत तसेंच लिहिलेलें असतें, शुभेच्छापत्रांवर तसेंच छापलेलें असतें, आणि भेटेल त्याला आपणही तसेंच सांगतों. परंतु सण उरकल्यावर, पाहुण्यांची शेवटची मोटार वळणाआड गेल्यावर, घरांतील कोणी तरी भिंतीला पाठ टेकून हळूच म्हणतें, 'झालें एकदांचें!' ह्या दोन शब्दांत समाधान असतें, सुटका असते, आणि सुटका वाटल्याची थोडी शरमही असते. ज्या माणसांची वर्षभर वाट पाहिली, तीं निघून जातांना हायसें वाटावें, ही गोष्ट मनाला टोंचते. म्हणून ती कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. आज तीच गोष्ट थोडी उघडपणें बोलावी, असा माझा विचार आहे. आप्तांच्या सहवासाचा शीण कां येतो? तो आला तर प्रेम उणें आहे असें समजावें काय? आणि त्यावर कांहीं उपाय आहे काय?

असे प्रश्न अधांतरीं सोडविण्यापेक्षां एखाद्या ठिकाणीं पाय रोवून सोडवावे, हें बरें. म्हणून आपण रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुका डोळ्यांपुढें ठेवूं. जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोंकाचा हा तालुका. उत्तरेस सावित्रीची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि आंत डोंगरांची दाटी. त्यांतल्याच एका डोंगरावर तालुक्याला नांव देणारा जुना किल्ला. खाडीच्या मुखाशीं बाणकोट, त्याच्या लगत दक्षिणेस नाना फडणिसांचें वेळास, आणि आंतल्या बाजूस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे. मुलूख देखणा, पण डोंगरउतारावरच्या भातानें आणि नाचणीनें वर्षाचें पोट भरावें, अशी स्थिति कधींच नव्हती. म्हणून येथला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेला; तेथें गिरणींत, गोदींत, कचेरींत राबला, आणि मनिऑर्डरीनें गांवचें घर चालवीत राहिला. २०११ च्या जनगणनेंत रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें अकराशेंहून अधिक स्त्रिया आढळल्या, त्याचें मोठें कारण हेंच. मुंबईस राहणाऱ्या ह्या माणसाला कोंकणांत 'चाकरमानी' म्हणतात. तो वर्षांतून दोनदां हटकून गांवीं येतो : एकदां शिमग्याला आणि एकदां गणपतीला.

हें येणें कधींच सोपें नव्हतें. पूर्वीं मुंबईहून निघालेली आगबोट बाणकोट, हर्णै, दाभोळ अशीं बंदरें घेत दक्षिणेस जाई, आणि ऐन पावसाळ्यांत ती वाहतूक बंदच राही. पुढें मोटाररस्ते झाले, खाडीवर आंबेत आणि म्हाप्रळ ह्यांना जोडणारा पूल झाला. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण मार्गावर धांवूं लागली. पण तिचें एकही स्थानक मंडणगड तालुक्यांत नाहीं. त्यामुळें येथल्या माणसाचें येणें म्हणजे शेवटीं रस्त्याचेंच येणें. आणि मुंबई-गोवा महामार्गाचें २०११ सालीं हातीं घेतलेलें रुंदीकरण किती वर्षें रेंगाळलें, हें कोंकणच्या माणसाला सांगावयास नको. २०२५ सालीं गणपतीसाठीं एस. टी. महामंडळानें कोंकणाकरितां पांच हजार जादा गाड्या जाहीर केल्या होत्या. एवढें प्रचंड स्थलांतर दोनचार रात्रींत होतें. कचेरीचें काम संपवून, सामान बांधून, रात्रभर गाडींत अवघडून बसून, पोरांना मांडीवर घेऊन हा मनुष्य पहांटे गांवीं उतरतो. म्हणजे सणाचा आरंभच मुळीं अपुऱ्या झोंपेनें होतो. माणसाच्या सहनशक्तीचा पहिला आधार झोंप. ती तुटली म्हणजे एरवीं हंसण्यावारी जाणारा शब्द जिव्हारीं लागतो. सणांतील कित्येक भांडणांचें मूळ कोणाच्या स्वभावांत नसून त्या रात्रीच्या प्रवासांत असतें.

पण प्रवासाचा शीण एका रात्रीच्या झोंपेनें जाईल. त्याहून खोल कारण निराळें आहे. ज्या घरांत माणसें वर्षभर एकत्र राहतात, तेथें नात्यांतले व्यवहार थोडे थोडे करून वर्षभर चालूं असतात. एक दिवस रुसवा, दुसऱ्या दिवशीं समजूत. कधीं देणें, कधीं घेणें. चाकरमान्यांच्या घरांत मात्र वर्षभराचें नातें पांच किंवा सात दिवसांत उरकावयाचें असतें. ह्याच दिवसांत पूजा, ह्याच दिवसांत भजन आणि जाखडीचा नाच, ह्याच दिवसांत वाडीची सभा, पडवीच्या कौलांचा खर्च, मुलीच्या लग्नाची बोलणी, आजारी वडिलांना मुंबईस न्यावें कीं नाहीं याचा निर्णय, आणि सामाईक जमिनीचा सात-बाराही ह्याच दिवसांत. एक एक गोष्ट पाहिली तर जड नाहीं; सर्व एकाच पाटीवर रचल्या म्हणजे पाटी उचलत नाहीं. आपण म्हणतों, माणसांनीं दमविलें. खरें म्हणजे माणसांनीं दमविलेलें नसतें, वेळेच्या अपुरेपणानें दमविलेलें असतें.

आतां घराच्या आंत जाऊं. ओटीवर आरती चालूं असते, पण सणाची खरी गिरणी माजघराच्या पलीकडे चालते. त्या कामाला आपण 'बायकांची लगबग' असें गोड नांव दिलें आहे. नांव गोड असलें कीं हिशेब करावा लागत नाहीं. म्हणून एकदां हिशेबच करूं. घरांत पंचवीस माणसें आहेत असें धरा; गणपतींत कोंकणांतल्या घराला ही संख्या मोठी नाहीं. दिवसांतून चार वेळां चहा म्हणजे शंभर पेले, आणि शंभर वेळां त्यांची धुणावळ. माणशीं तीन भाकऱ्या धरल्या तर एका जेवणाला पाऊणशें भाकऱ्या. एका तव्यावर दोन मिनिटांना एक उतरली तरी अडीच तास. ह्यांत भात, आमटी, भाजी, नैवेद्य आणि उकडीचे मोदक धरलेले नाहींत. नारळ खवणें, उकड काढणें, पारी वळणें, ही कामें घाईनें होणारीं नव्हेत. गौरीच्या दिवशीं पुष्कळ घरांत गोडाचा नैवेद्य होतो, पुष्कळ घरांत तिखटाचा. पण कोणताही असला तरी करणारे हात तेच दोन किंवा चार असतात. पंगती उठतात, शेणगोळा फिरतो किंवा फरशी पुसली जाते, आणि दुसरी पंगत बसते. शेवटच्या पंगतीला वाढणाऱ्या बायका बसतात, तेव्हां आमटी निवलेली असते आणि भूक मेलेली असते.

सणाच्या दिवसाची मोजणी कोणी करीत नसेल, पण साध्या दिवसाची झाली आहे. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानें २०२४ सालीं देशांतील माणसें आपला वेळ कसा घालवितात ह्याची पाहणी केली. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामांत दिवसाकांठीं सरासरी २८९ मिनिटें जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीं ८८ मिनिटें जातात, असें तींत दिसून आलें. म्हणजे सव्वातिपटींहून अधिक फरक. हा फरक साध्या दिवसाचा. साध्या दिवशीं जो तराजू इतका कलता, त्यांत सणाचें ओझें टाकल्यावर तें कोणत्या पारड्यांत पडेल, हें सांगावयास पाहणी नको.

शिवाय कांहीं काम असें असतें कीं तें डोळ्यांना दिसतही नाहीं. कोणाला पत्र किंवा फोन गेला, कोणाचा राहिला. नणंदेच्या मुलाला कोणता खाऊ चालत नाहीं. थोरल्या जावेला आधीं हळदकुंकूं लावलें कीं धाकटीला. मागल्या वर्षीं कोणी कोणाला काय दिलें होतें. हें सर्व एकीच्या डोक्यांत साठविलेलें असतें. मायकेला दि लिओनार्डो ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनीं १९८७ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत ह्या श्रमाला 'नातेवाईकपणाचें काम' अशा अर्थाचें नांव दिलें. पत्रें लिहिणें, भेटी ठरविणें, सणांचीं जेवणें घडवून आणणें, हें नुसतें हौसेचें नसून काम आहे. तें न केलें तर नातीं टिकत नाहींत, आणि केलें तर कोणाच्या लक्षांत येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्यांनीं पाहिलेलीं कुटुंबें कॅलिफोर्नियांतील इटालियन वंशाचीं होतीं. पण मंडणगडच्या माजघरांत त्यांना कांहीं परकें वाटलें नसतें.

त्याहून सूक्ष्म असा एक श्रम आहे, तो चेहऱ्याचा. आर्ली हॉक्शील्ड ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९८३ सालीं विमानांतल्या परिचारिकांविषयीं एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मनांत कांहींही असलें तरी ठराविक हास्य तोंडावर ठेवणें, हा ह्या स्त्रियांच्या नोकरीचाच भाग असतो, आणि अंगमेहनतीइतकाच हा भावनांचा श्रमही माणसाला थकवितो, हें त्यांनीं दाखविलें. विमानांतील परिचारिकेला निदान पगार मिळतो, आणि विमान उतरल्यावर ती घरीं जाते. सणाच्या घरांतील माणूस जाणार कोठें? तें घरींच असतें! सहा महिन्यांपासून नोकरी नसलेला मुलगा ओटीवर बसून 'बरें चाललें आहे' असें दहा जणांना सांगतो. लग्नाला चार वर्षें झालेली सून 'गोड बातमी कधीं?' ह्या प्रश्नाला दरवेळीं हंसते. दहावींत कमी गुण मिळालेला पोरगा चुलतभावाचे गुण ऐकून घेतो. विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा वाईट नसतें. वर्षानें भेटलेल्या माणसाशीं बोलावयाचें काय, हें न सुचल्यामुळें तो जुन्याच चार प्रश्नांचा आधार घेतो. परंतु विचारणाऱ्याचा एक प्रश्न तो ऐकणाऱ्याचा दहावा असतो.

घर आणखी एक गोष्ट करतें. तें माणसाला त्याची जुनी जागा परत देतें. मुंबईंत चाळीस माणसांवर देखरेख करणारा गृहस्थ ओटीवर पाय ठेवतांच 'धाकटा' होतो, आणि त्याला केळीचीं पानें आणावयास पाठवितात. ह्यांत सुखही आहे. कोणी तरी आपल्याला अजून एकेरी हांक मारतें, ही मोठी गोष्ट आहे. पण जुन्या जागेबरोबर जुने रुसवे आणि जुन्या तुलनाही परत येतात. दोघां भावांचें पाहा. गांवीं राहिलेल्या भावाला वाटतें, मुंबईकराला महिन्याचा पगार आहे, तो चार दिवस येतो, मान घेतो आणि जातो. म्हाताऱ्यांचें औषधपाणी, गळकें छप्पर, गोठा, पावसांतली शेती सारी माझ्या गळ्यांत. मुंबईकराला वाटतें, ह्यानें वडिलार्जित घर आणि आंब्याचीं झाडें उपभोगलीं. मी दहा बाय बाराच्या खोलींत संसार केला, आणि वर्षोनवर्षें पैसे पाठविले ते कोणाच्या खिजगणतींत नाहींत. दोघेही खरें तेंच बोलतात. पण वर्षभर न झालेलें हें बोलणें नेमकें गौरीच्या रात्रीं वर येतें, कारण दोघे समोरासमोर बसण्याची दुसरी वेळच नसते.

येथें कोणी विचारील कीं, सुखाच्या प्रसंगानें मनावर ताण कसा पडेल? ताण दुःखानें पडतो. ह्या समजुतीला १९६७ सालीं थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या दोन अमेरिकन वैद्यांनीं धक्का दिला. आयुष्यांतील ४३ प्रसंगांची त्यांनीं एक यादी केली, आणि त्या त्या प्रसंगीं माणसाला आपली घडी किती बदलावी लागते त्याप्रमाणें त्यांना गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००. पण लग्नालाही ५०. सासरच्या माणसांशीं खटके उडण्याला २९, कुटुंबाच्या एकत्र जमण्यांत फरक पडण्याला १५, सुटीवर जाण्याला १३, आणि नाताळच्या सणाला १२. हे आंकडे सोन्याच्या कांट्यावर तोललेले आहेत असें समजण्याचें कारण नाहीं, आणि ते आपल्या देशाचेही नव्हेत. त्यांतलें तत्त्व मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शरीर हें प्रसंग शुभ कीं अशुभ असें विचारीत नाहीं. रोजची घडी किती विसकटली, एवढेंच तें मोजतें. झोंपेची वेळ, जेवणाची वेळ, निजावयाची जागा, भोंवतालचा आवाज, सारें एकदम बदललें कीं आनंदाच्या दिवसांतही तें थकतें.

आणि सर्वांच्या प्रकृती एकसारख्या नसतात. कार्ल युंग ह्या स्विस मनोवैद्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन स्वभाव वर्णिले, ते शब्द आतां आपल्या नित्याच्या बोलण्यांत रुळले आहेत. कोणाला दहा माणसांत बसलें म्हणजे हुरूप येतो. कोणाला त्याच दहा माणसांतून उठून तासभर एकटें बसल्याशिवाय हुरूप येत नाहीं. दुसऱ्या प्रकारचा माणूस तुसडा नसतो. पण आपल्या भरल्या घरांत एकटें बसण्याला जागा नाहीं, आणि सवलत तर नाहींच. कोणी परसांत जाऊन बसला तर 'काय रे, बरें नाहीं का?' म्हणून तीन माणसें मागोमाग येतात. त्यांतली माया खरी असते. पण त्या मायेनेंच त्याचा विसावा मोडतो.

शिणाच्या पलीकडे जाऊन कांहीं माणसांना हे दिवस दुखवितात, तेंही सांगितलें पाहिजे. नव्या सुनेच्या पहिल्या ओवशाची सुपें भरलीं जात असतांना, त्याच घरांतील विधवा स्त्री स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते. तिनें दिवसभर राबावें, पण पूजेच्या वेळीं पुढें येऊं नये, ही रीत अजून कित्येक ठिकाणीं न बोलतां पाळली जाते. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ह्या गांवच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवांना कमीपणा आणणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगणारें परिपत्रक काढलें. ठराव गांवाचा असतो. पण पाळावयाचा असतो तो आपापल्या माजघरांत. ज्या स्त्रीला पूजेला बोलावावयाचें नाहीं, तिला पुरणाला बोलावण्याचा आपणांस काय अधिकार आहे?

आतां ह्या सर्वांत ज्या व्यक्तीचा विचार सर्वांत कमी होतो, तिच्याकडे येऊं. ती म्हणजे गांवच्या घरांत राहिलेली म्हातारी आई. तिची पाठ दुखते, दमाही असतो. पंधरा दिवस आधींपासून ती भिंती सारवून घेते, गोधड्यांना ऊन दाखविते, तांदूळ निवडते. माणसें आलीं म्हणजे तिचा जीव सुपाएवढा होतो आणि तीच माणसें चौथ्या दिवशीं तिला झेपेनाशीं होतात. पण ती तसें बोलत नाहीं. तिला भीति असते कीं, 'मी दमलें' असें म्हटलें तर पुढच्या वर्षीं मुलें येणार नाहींत. आणि मुंबईची सूनही बोलत नाहीं. आपण दमलों म्हटलें तर सासरची नावड आहे असा अर्थ होईल, ही तिला भीति. दोघी एकाच चुलीपुढें, एकाच कारणानें दमलेल्या, आणि एकमेकींपासून तेंच लपवीत असलेल्या. मग एक वर्ष सुनेला रजा मिळत नाहीं. दुसऱ्या वर्षीं मुलांच्या परीक्षा असतात. तिसऱ्या वर्षीं गणपति मुंबईच्या खोलींतच आणतात. कोणी कोणाशीं भांडलेलें नसतें. पण म्हातारीच्या मागें त्या घराला कुलूप लागतें. कोंकणांत अशीं कुलुपें वाडीवाडींतून दिसतात. शिमग्याला देवाची पालखी दारीं यावयाची म्हणून वर्षांतून एक रात्र तीं निघतात, आणि पुन्हां लागतात. न बोललेला शीण शेवटीं घराच्या मुळावर येतो, तो असा.

सण अजिबात टाकावा, हा त्यावर उपाय नव्हे. तसा अनुभव एकदां सर्वांना सक्तीनें आला. २०२० सालीं, करोनाच्या सांथींत, २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. बाहेरून कोंकणांत येणाऱ्यांना दहा दिवस वेगळें राहण्याची अट शासनानें घातली होती. अनेकांना येतां आलें नाहीं; जीं घरें भरत होतीं तेथें दोन माणसांनीं आरती म्हटली. त्या वर्षीं कामाचा भार कमी होता, पंगती नव्हत्या, प्रश्न नव्हते. तरीही तो सण सुखाचा झाला, असें म्हणणारा मनुष्य विरळा. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. शिणाचें कारण माणसें असतीं, तर माणसें न येतांच समाधान झालें असतें. तेव्हां माणसें हवींच आहेत. बदलावयाची आहे ती त्यांच्या येण्याची रचना.

आणि ही रचना बदलण्यासाठीं परंपरेबाहेर जावयास नको. परंपरेकडे नीट पाहिलें तर तिला शिणाची जाणीव आपल्यापेक्षां अधिक होती असें दिसतें. गौरी ही माहेरवाशीण. अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठेवर तिची पूजा होते, मूळ नक्षत्रावर ती जाते. तीन दिवसांचें तिचें माहेरपण. आल्या दिवशीं तिला कित्येक घरांत काय वाढतात? भाजी-भाकरी. प्रवासानें दमून आलेल्या लेकीला पहिल्या दिवशीं साधें अन्न आणि विसावा, पक्वान्न दुसऱ्या दिवशीं. देवीच्या बाबतींत आपल्याला हें कळतें. पण त्याच दिवशीं रात्रभर प्रवास करून आलेल्या हाडामांसाच्या लेकीसुनांना मात्र आपण थेट चुलीपुढें बसवितों. गौरीचें माहेरपण जिच्या श्रमांवर चालतें, तिचें माहेरपण कोणी करावयाचें, हा प्रश्न प्रत्येक घरानें स्वतःला विचारावा. तसाच दीड दिवसाचा गणपति. ज्याची जेवढी शक्ति तेवढे दिवस, ही मोकळीक आपल्या रीतींतच आहे. दीड दिवसाच्या पूजेनें देव उणा होत नाहीं. आणि भाऊबंदांत सामाईक पूजेची वर्षावर्षानें फिरणारी पाळी असते, ती तरी काय आहे? ओझें एकाच खांद्यावर राहूं नये, ह्याचीच ती व्यवस्था.

ह्याच धोरणानें चार साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, काम मोजावें आणि वांटावें. सण येण्यापूर्वीं घरानें एक कागद घेऊन कामें लिहावींत आणि प्रत्येकापुढें नांव घालावें, पुरुषांचेंही. पुरुषांना स्वयंपाक येत नाहीं, ही सबब कोंकणांत तरी चालणार नाहीं; गांवजेवणाच्या वेळीं दोनदोनशें माणसांचा भात आणि आमटी पुरुषच रांधतात. मोठी हंडी उतरविणाऱ्या हातांना घरची कढई जड होऊं नये. आणि एखाद्या दिवशीं तरी बायकांची पंगत पहिली बसवावी.

दुसरी गोष्ट, जमीन, पैसा आणि लग्न हे विषय सणाच्या बाहेर काढावे. वैशाखांत आंब्याच्या दिवसांत दोन भावांनीं दोन दिवस सवडीनें बसावें, कागदपत्रें पुढें ठेवावींत, आणि गणपतीचा खर्च कोणी किती उचलावयाचा हेंही तेव्हांच ठरवावें. पैशाचें बोलणें आधीं झालें म्हणजे आरतीच्या वेळीं तें मनांत घोळत नाहीं.

तिसरी, विसाव्याला मान्यता द्यावी. दुपारचे दोन तास घरानें शांत राहावें. कोणी एकटें वेळासच्या समुद्राकडे फिरावयास गेलें, तर त्याचा अर्थ विचारूं नये. पाहुण्याला बोलतें करावयाचें तर पगार, लग्न आणि मूलबाळ सोडून विचारण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माणसांनीं सारीं मिळून एकाच वेळीं यावें, हा आग्रह थोडा सैल करावा. आज पुष्कळ घरांची स्थिति अशी आहे कीं वर्षांतले पांच दिवस पंचवीस माणसें, आणि उरलेले तीनशें साठ दिवस दोन. पांच दिवसांत म्हातारी दमते, आणि तीनशें साठ दिवस वाट पाहते. पंचविसांतल्या दोघांनीं मार्गशीर्षांत चार दिवस यावें, दोघांनीं उन्हाळ्यांत यावें, तर चतुर्थीचें ओझें हलकें होईल आणि उरलेलें वर्षही इतकें ओसाड राहणार नाहीं. आणि जेथें शिणाची गोष्ट राहिलेली नसून दारूची, शिवीगाळीची किंवा अपमानाची आहे, तेथें एखाद्यानें येऊं नये असें ठरविलें तर त्याला नातें तोडल्याचा दोष देऊं नये.

आपल्याकडे दमलेल्या शेतकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाहीं, आणि दमला म्हणून त्याचें जमिनीवर प्रेम नाहीं असेंही कोणी म्हणत नाहीं. नात्यांतही तसेंच आहे. माणसें आवडणें आणि त्यांच्या सरबराईनें दमणें, ह्या दोन गोष्टी एकाच अंतःकरणांत सुखानें नांदूं शकतात. ज्या घरांत सासू सुनेला 'आज मी दमलें' म्हणूं शकते, आणि सून 'मीही' म्हणून हंसूं शकते, तें घर टिकण्याची आशा अधिक. कारण तेथें पुढचें वाक्य 'चला, उद्यां पिठलें-भात करूं' हें असतें. विसर्जनाच्या वेळीं आपण देवाला 'पुढच्या वर्षीं लवकर या' म्हणून मोठ्यानें सांगतों. दाराशीं मोटारींत बसणाऱ्या माणसांनाही तें तितक्याच खऱ्या मनानें सांगतां यावें, एवढीच शक्ति घरांत शिल्लक राहील असा सण करावा.